कोजागरी, ग्रहण आणि बारा विरुद्ध अकरा

२०२३ सालची कोजागरी ग्रहणात गेली. २८ ऑक्टोबरच्या मध्यरात्रीनंतर १ वाजून ५ मिनिटांनी खंडग्रास चंद्रग्रहणाचा स्पर्श होता आणि २ वाजून २२ मिनिटांनी मोक्ष, त्यामुळे आमच्या घरी त्या रात्री दूध आटवले गेले नाही. आईने दुपारीच पाण्याच्या कळशीत आणि लोणच्याच्या बरणीत तुळशीची पाने घालून ठेवली आणि मसाला दूध दुसऱ्या दिवशी होईल असे सांगून टाकले. त्याच रात्री, आपल्या घड्याळात साडेबारा वाजता, पॅरिसजवळच्या स्टाद द फ्रान्स मैदानावर दक्षिण आफ्रिका आणि न्यूझीलंड यांच्यात रग्बी विश्वचषकाचा अंतिम सामना सुरू होणार होता.

गेली कित्येक वर्षे मी रग्बी एकटीने पाहत आले आहे. देवबागात हा खेळ पाहणारे दुसरे कोणी माझ्या माहितीत नाही, आणि त्या आठवड्यात तर सगळ्या गावाचे लक्ष दुसऱ्या दिवशी लखनौला होणाऱ्या भारत-इंग्लंड क्रिकेट सामन्याकडे लागलेले होते. पण ग्रहणामुळे घरातली माणसे जागीच होती. धाकटे काका पडवीत आरामखुर्चीत बसले होते. मी मोबाइल टीव्हीला जोडते आहे हे पाहून ते म्हणाले, "नायतरी जागेच आसंव, लाव गो तुझो तो खेळ." इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला सोबत मिळत होती, आणि त्या आनंदात मी टीव्ही माजघरातून उचलून पडवीत आणला.

पडवीत टीव्ही आणण्याला आमच्या घरात एक जुना अर्थ आहे. कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवर आमचे घर आहे. पुढच्या दारी समुद्राची गाज आणि मागच्या दारी खाडीचे संथ पाणी. माझ्या लहानपणी गणपतीत, किंवा कोणाकडे सत्यनारायणाची पूजा असली म्हणजे, वाडीत वर्गणी काढून मालवणहून टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणत असत. मुंबईहून आलेले चाकरमानी कॅसेटी निवडत. रात्री नऊच्या सुमारास पहिला पिक्चर लागे आणि तिसरा संपेपर्यंत पूर्वेला फटफटलेले असे. खळ्यात पुरुष, पडवीत बायका, आणि आम्ही मुले थेट टीव्हीच्या पुढ्यात गोणपाटावर, अशी बसण्याची रीत होती. पडद्यावर खरखर आली की व्हीसीआरवाला झाकण उघडून हेड पुसत बसे आणि तेवढ्या वेळात चहा फिरे. सिनेमाचे माझे सगळे वेड त्या गोणपाटावर जन्माला आले, आणि ते आजही तसूभर कमी झालेले नाही.

त्या रात्रींमधला एक क्षण मला फार जपून सांगायचा आहे, कारण पुढे रग्बीकडे मी ज्या डोळ्यांनी पाहिले ते डोळे मला त्या क्षणाने दिले. पिक्चर होता मनमोहन देसाईंचा, १९८३ सालचा 'कुली'. त्याच्या चित्रीकरणात २६ जुलै १९८२ रोजी बंगळूरला मारामारीचे दृश्य चालू असताना अमिताभ बच्चन यांना पोटात जबर मार बसला; ते कित्येक दिवस मरणाच्या दारात होते आणि देशभर लोकांनी त्यांच्यासाठी नवस बोलले. ते वाचले, त्यानंतर पिक्चर पूर्ण झाला, नायक मरतो असा मूळ शेवट बदलून तो वाचतो असा केला गेला, आणि ज्या ठोशाच्या वेळी ही इजा झाली तिथे चित्र क्षणभर गोठवून तशी पाटी पडद्यावर दाखवली गेली. आमच्या खळ्यात चित्र गोठले तेव्हा कॅसेट अडकली असे वाटून दोघेतिघे उठू लागले. तेव्हा काकांनी हात वर करून त्यांना थांबवले आणि हळू आवाजात म्हणाले, "बसा रे. थयच लागला तेका." मारामारी सुरू झाली की आई नेहमी पदर तोंडावर ओढून घेत असे. त्या शांततेत पदराआडून तिचा आवाज आला, "झाला काय? उघडू डोळे?"

तोवर मी ठोशांचे आवाज ऐकून टाळ्या वाजवत होते. ठोसा गालापासून वीतभर लांबून जातो आणि आवाज नंतर भरला जातो, हे आम्हा मुलांनाही कळत होते, आणि त्यात फसवणूक आहे असे मला आजही वाटत नाही. सोंगे घेऊन खेळे येतात तेव्हा त्यांतल्या संकासुराला पाहून लहान मुले पळतात आणि त्या टोपीखाली शेजारचा दादा आहे हेही त्यांना ठाऊक असते, तसेच ते आहे. परंतु त्या एका ठिकाणी खोट्याच्या मधोमध खरे माणूस दुखावले होते, आणि पिक्चर स्वतःच थांबून ते सांगत होता. लोकप्रिय सिनेमाला उथळ म्हणणाऱ्यांशी मी आजवर पुष्कळ वाद घातले आहेत. एवढ्या मोठ्या करमणुकीने आपल्या ऐन रंगात थांबून एका शरीराची दखल घ्यावी, यात मला तरी मोठी सभ्यता दिसते. त्या दिवसापासून पिक्चर सुरू होताना झरझर सरकणाऱ्या पाट्यांमध्ये मी फायटर मंडळींची नावे शोधत असते. छतावरून पडणारा, काचेतून आरपार जाणारा, नायकाच्या जागी घोड्यावरून कोसळणारा माणूस कोण, हे मला जाणून घ्यावेसे वाटते.

रग्बीही मला सिनेमानेच दाखवली. क्लिंट ईस्टवूड यांचा 'इन्व्हिक्टस' २००९ साली आला. मी तो मुंबईत नोकरीला असताना भाड्याच्या खोलीत पाहिला. १९९५ चा विश्वचषक दक्षिण आफ्रिकेत झाला. वर्णद्वेषी राजवटीच्या काळात तिथल्या संघाची हिरवी जर्सी गोऱ्यांच्या सत्तेची खूण बनली होती, इतकी की कृष्णवर्णीय प्रेक्षक मैदानात येऊन परक्या संघाला प्रोत्साहन देत असत. अंतिम सामन्याच्या दिवशी, २४ जूनला, जोहान्सबर्गच्या एलिस पार्कवर राष्ट्राध्यक्ष नेल्सन मंडेला तीच जर्सी, कर्णधार फ्रान्स्वा पिनारचा सहा नंबर पाठीवर घेऊन, मैदानात उतरले. मॉर्गन फ्रीमन यांनी मंडेला फार संयमाने उभा केला आहे. पिक्चर संपल्यावर मी खरा सामना शोधून पाहिला आणि चकित झाले, कारण त्या सामन्यात दोन्ही बाजूंनी एकही ट्राय, म्हणजे चेंडू रेषेपार नेऊन टेकवणे, झालेला नव्हता. ऐंशी मिनिटांत बरोबरी, मग जादा वेळ, आणि अखेर जोएल स्ट्रान्स्कीच्या एका ड्रॉप गोलवर १५-१२. चेंडू जमिनीवर टप्पा घेऊन उठतो त्या क्षणी त्याला लाथ मारून खांबांमधून वर पाठवायचा, एवढेच ते. पटकथा लिहिणाऱ्याला मोकळीक असती तर त्याने शेवटच्या मिनिटाला पन्नास मीटर धावणारा नायक लिहिला असता, आणि प्रेक्षक म्हणून मलाही तो आवडला असता. खेळाने तसले काही दिले नाही, आणि तरीही अंगावर काटा आला. तिथून मी अडकले.

त्यानंतरच्या पावसात मी आझाद मैदानाच्या टोकाला, बॉम्बे जिमखान्याच्या कुंपणाबाहेर छत्री घेऊन तासभर उभी राहिले. तिथे पावसाळ्यात रग्बी खेळतात. टीव्हीवर न येणारी एक गोष्ट मला त्या दिवशी समजली आणि ती म्हणजे टॅकलचा, चेंडू घेऊन धावणाऱ्याला धडकून खाली पाडण्याचा, आवाज. भात झोडताना ओलसर पेंढी फळीवर आपटते तेव्हा जो बोदा, जड आवाज होतो, नेमका तोच आवाज. पाठोपाठ छातीतून निघून जाणारी हवा ऐकू येते आणि मग चिखलातून हात टेकून उठणारा माणूस दिसतो. इथे आवाज नंतर भरलेला नव्हता.

काकांना खेळ समजावायला मला फार वेळ लागला नाही. पंधरा-पंधरा गडी, ऐंशी मिनिटे, पलीकडच्या रेषेपार चेंडू जमिनीला टेकवला की ट्राय आणि त्याचे पाच गुण, मग खांबांमधून लाथ मारता आली तर आणखी दोन, पेनल्टीचे तीन. ट्राय या नावाची हकीकत मला विशेष आवडते: अगदी सुरुवातीच्या काळात चेंडू रेषेपार टेकवण्याला गुणच नव्हते, त्यामुळे फक्त लाथ मारून पाहण्याचा, म्हणजे प्रयत्न करण्याचा, हक्क मिळत असे. काकांना अडचण एकच वाटली. हाताने चेंडू पुढे देता येत नाही, मागेच द्यावा लागतो. "मागे कित्याक टाकतत गो? पुढे जावचा मां तेंका?"

मी त्यांना म्हटले, "काका, रापण आठवा." होडीतून जाळे अर्धवर्तुळात सोडतात, त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावर येतात, आणि चाळीस-पन्नास माणसे दोन रांगांत ते ओढू लागतात. ओढणारा पाण्याकडे तोंड करून मागे मागे सरकत वाळू चढतो. पार मागे पोचला की तो दोर सोडतो, धावत पाण्याशी येतो आणि गुडघाभर लाटेत उभा राहून पुन्हा पुढचा दोर धरतो. प्रत्येक माणूस मागे जात असतो आणि जाळे मात्र किनाऱ्याकडे येत असते. रग्बीतही चेंडू घेऊन धडकणारा खाली पडतो, चेंडू मागच्याला मिळतो, पडलेला उठून पुन्हा मागे जाऊन रांगेत उभा राहतो, आणि अशा वीस-पंचवीस धडकांनंतर सगळा संघ दहा पावले पुढे सरकलेला असतो. दोर कोणी किती ओढला याची नोंद रापणीत कोणी ठेवत नाही. काकांनी तारुण्यात किती तरी रापणी ओढल्या आहेत. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग खुर्ची टीव्हीजवळ ओढून बसले.

सामन्याआधीचा हाका, म्हणजे न्यूझीलंडच्या खेळाडूंचा रणनाच, काकांना समजावून सांगावाच लागला नाही. दशावतारात खलपार्टी पखवाज-झांजेच्या ठेक्यावर पाय आपटत, डोळे वटारत रंगमंचावर येते, तेव्हा पुढ्यात बसलेली मुले जशी आईला बिलगतात, तसा त्याचा परिणाम होतो. न्यूझीलंडच्या संघाने ज्याला जगभर नेले तो सगळ्यांत प्रसिद्ध हाका, 'का माते', तिथल्या मूळच्या माओरी लोकांचा सरदार ते राउपाराहा याने साधारण १८२० च्या सुमारास रचला असे मानले जाते. शत्रू पाठलाग करत असताना तो रताळी साठवण्याच्या खड्ड्यात लपला होता, आणि जिवंत बाहेर पडून उजेडात आल्यावर त्याच्या तोंडून मरणाचे आणि जगण्याचे ते शब्द निघाले. जगातल्या सर्वांत बलवान मानल्या गेलेल्या संघाचा रणघोष एका लपलेल्या, घाबरलेल्या माणसाचा आहे, हे लक्षात आल्यापासून मला त्यात धमकी कमी आणि सुटका अधिक ऐकू येते.

आपल्या देशाचा या खेळाशी संबंध नाही असे कोणी म्हणाले की मला वाईट वाटते. इंग्लंड आणि स्कॉटलंड ज्या चषकासाठी १८७९ पासून खेळतात तो कलकत्ता चषक आपल्या चांदीच्या रुपयांचा आहे. कलकत्त्याचा रग्बी क्लब बंद पडला तेव्हा बँकेतले रुपये काढून, वितळवून तो घडवला गेला, त्याच्या मुठी नागाच्या आणि झाकणावर हत्ती आहे. अभिनेते राहुल बोस १९९८ मध्ये भारताच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय संघातून खेळले, आणि माझ्या दोन वेडांचा सांधा त्यांच्यात जुळलेला पाहून मला आनंद होतो. आणि २०१९ मध्ये भारतीय महिला संघाने मनिलात सिंगापूरला २१-१९ असे हरवून पंधरा जणींच्या खेळातला आपला पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळवला, त्या दिवशी मी कार्यालयात सर्वांना मालवणी खाजे वाटले होते.

आता त्या रात्रीकडे येते. पॅरिसला पाऊस होता. सुरुवातीच्या मिनिटांतच आफ्रिकेचा हूकर, म्हणजे पुढच्या रांगेतला मधला गडी, बोंगी म्बोनाम्बी गुडघा दुखावून बाहेर गेला. हँड्रे पोलार्डने पेनल्टीमागून पेनल्टी खांबांमधून घातली. मग पहिल्या अर्ध्यातच न्यूझीलंडचा कर्णधार सॅम केन याचा खांदा जेसी क्रीलच्या डोक्याला लागला. आधी पिवळे कार्ड, म्हणजे दहा मिनिटे बाहेर, दाखवले गेले आणि तपासणीनंतर त्याचे लाल, म्हणजे उरलेला सगळा सामना बाहेर, असे झाले. पुरुषांच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात लाल कार्ड मिळण्याची ही पहिलीच वेळ. काका रागावले. मुद्दाम लावले नाही, एवढ्या मोठ्या सामन्यातून माणूस काढतात काय, असे त्यांचे म्हणणे, आणि पुष्कळ जाणकारांचेही तेच म्हणणे होते.

मला ते पटत नाही, आणि मी काकांना स्टीव्ह थॉम्पसनविषयी सांगितले. २००३ साली सिडनीत जॉनी विल्किन्सनच्या ड्रॉप गोलने इंग्लंडने विश्वचषक जिंकला तेव्हा थॉम्पसन त्या संघाचा हूकर होता. २०२० मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, त्याने जाहीरपणे सांगितले की त्याला स्मृतिभ्रंशाचे निदान झाले आहे आणि तो विश्वचषक जिंकल्याचे त्याला आठवत नाही. आपण २००३ चा तो सामना पुन्हा पुन्हा लावून पाहतो, आणि जो त्यात खेळला त्याच्यापाशी तो उरलेला नाही. डोक्याला लागलेल्या प्रत्येक फटक्यापाशी खेळ थांबतो, चित्र मागे-पुढे करून तपासले जाते, माणूस बाहेर जातो, त्याने सामन्याची रंगत जाते हे खरे आहे. तरी तो थांबलाच पाहिजे. काकांना मी म्हटले, "तुम्हीच नाही का त्या दिवशी सगळ्यांना खाली बसवले होते?" ते माझ्याकडे पाहत राहिले. त्यांना आठवले की नाही, ते ते बोलले नाहीत, पण लाल कार्डाविरुद्ध पुन्हा काही म्हणाले नाहीत.

मध्यंतराला आफ्रिका १२-६ अशी पुढे होती. काका खळ्यात जाऊन चंद्र पाहून आले. एका कडेला नखाने कुरतडल्यासारखी छाया आली होती. आई टीव्हीकडे पाठ करून जपमाळ ओढत बसली होती. ग्रहणात जप सोडायचा नाही हा तिचा नेम आहे.

दुसऱ्या अर्ध्यात चौदा गडी घेऊन न्यूझीलंडने जो खेळ केला तो मी विसरणार नाही. मध्यंतरी आफ्रिकेचा कर्णधार सिया कोलिसी यालाही दहा मिनिटे बाहेर बसावे लागले. हा कोलिसी १६ जून १९९१ चा, पोर्ट एलिझाबेथच्या झ्विडे वस्तीतला. २००७ चा अंतिम सामना त्याने घरी टीव्ही नसल्यामुळे एका गुत्त्यात जाऊन पाहिला होता. हे सांगितल्यावर काका एवढेच म्हणाले, "आमच्यासारखोच." अठ्ठावन्नाव्या मिनिटाला बोडेन बॅरेटने ट्राय केला, वरची लाथ हुकली आणि फलक १२-११ वर आला. त्यानंतरच्या बावीस मिनिटांत कोणालाही एक गुण मिळाला नाही, आणि ती बावीस मिनिटे पाहण्यासाठी मी हा खेळ पाहते.

काका त्यांच्या काळी मालवण परिसरात कबड्डी खेळत. त्यांनी मला न विचारता एक माणूस हेरला. "तो सात नंबर बघ. तो चेंडवाकडे बघणाच नाय, पायांकडे बघता." तो पीटर-स्टेफ डू टॉइट होता. त्याने त्या सामन्यात अठ्ठावीस टॅकल केले. काकांनी ते मोजले नव्हते, पण प्रत्येक पकडीला त्यांचा स्वतःचा उजवा हात खुर्चीच्या दांडीवर घट्ट होत होता आणि पकड सुटली की सैल होत होता. चेंडू घेऊन धावणाऱ्या नायकाकडे तर सगळेच पाहतात. काकांच्या त्या हाताकडे पाहताना मला कळले की मी इतकी वर्षे एकटीने पाहत असताना हा भाग पाहायला शिकत होते आणि त्यांना तो आधीपासूनच येत होता.

शेवटची सात-आठ मिनिटे उरली असताना आफ्रिकेच्या चेस्लिन कोल्बीने न्यूझीलंडचा पास हाताने खाली पाडला आणि त्याला पिवळे कार्ड मिळाले. मिळालेली पेनल्टी जॉर्डी बॅरेटने लांबून मारली आणि ती खांबाबाहेरून गेली. कोल्बीसाठी मात्र सामना तिथेच संपला होता, कारण उरलेला वेळ त्याला मैदानाबाहेरच्या खुर्चीत बसूनच काढायचा होता. तो बसला आणि त्याने जर्सी वर ओढून सगळे तोंड झाकून घेतले. आपल्या चुकीने विश्वचषक जातो की काय, हे त्याला पाहवत नव्हते. कॅमेरा पुन्हा पुन्हा त्याच्यावर येई. हिरव्या कापडाखाली श्वासाबरोबर हलणारा चेहरा, आणि बाहेर ऐंशी हजार माणसांचा कल्लोळ. काका उभे राहिले होते. मी केव्हा उभी राहिले ते मला आठवत नाही.

भोंगा वाजला, सामना संपला, आणि आफ्रिका चौथ्यांदा जिंकली. उपांत्यपूर्व, उपांत्य आणि अंतिम हे तिन्ही सामने तिने एकेका गुणाने जिंकले होते. न्यूझीलंडचे खेळाडू जिथल्या तिथे मटकन बसले. काकांनी मला विचारले, पुढचा सामना कधी. मी चार वर्षे म्हटले, तर ते वैतागून खळ्यात निघून गेले.

तेवढ्यात ग्रहणाचाही मोक्ष झाला. आई उठली, विहिरीवर जाऊन अंघोळ करून आली, आणि ओले केस तसेच पाठीवर सोडून पडवीच्या दारात उभी राहिली. मला वाटले, आता ती आम्हाला अंघोळीला पिटाळणार. तिने टीव्हीकडे पाहिले. तिथे कागदाचे सोनेरी तुकडे उडत होते आणि सगळे एकमेकांना मिठ्या मारत होते. ती थोडा वेळ त्या गर्दीत कोणाला तरी शोधत राहिली. मग तिने विचारले, "तो झगो तोंडार घेऊन बसलेलो पोर... तेका कोणी सांगल्यानी मां, जिंकलास म्हणान?"